मोरीतून वाहून गेलेली चांदी

मे महिन्याच्या सुट्टीत साताऱ्याला माहेरी गेले होते. अम्मीचे कपाट आवरताना वरच्या कप्प्यातून एक्स-रेंची पिशवी निघाली. अब्बांच्या मोडलेल्या हाताचा एक्स-रे, नानीच्या छातीचा, धाकट्या भावाच्या पायाचा. दारावर रद्दी घ्यायला आलेल्या भंगारवाल्याची नजर वर्तमानपत्रांच्या आधी त्या पिशवीवर गेली. "बाई, ह्याचं पैसं वेगळं देतो," तो म्हणाला. माझी मुलगी सातवीत आहे. तिने विचारले, "अम्मी, या प्लास्टिकला एवढा भाव का?"

भाव प्लास्टिकला नाही, त्यावरच्या चांदीला आहे. तिला हे सांगताना मला आमचे मामू आठवले.

मामूंचा साताऱ्यात छोटासा फोटो स्टुडिओ होता. दहावीच्या फॉर्मचे फोटो, हजला जाणाऱ्यांचे पासपोर्ट फोटो, निकाहचे अल्बम, सगळे तिथेच व्हायचे. मागच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवा आणि तीन ट्रे असत. पहिल्यात डेव्हलपर, दुसऱ्यात पाणी, तिसऱ्यात हायपो. वापरून झालेला हायपो मामू संध्याकाळी मोरीत ओतून देत. दस्तरखानावर सांडलेला भाताचा कण वेचून खाणारा माणूस! पण आपण रोज मोरीत चांदी ओततो आहोत, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

फोटोची फिल्म बनते कशी, ते आधी पाहू. कारखान्यात शुद्ध चांदी नायट्रिक आम्लात विरघळवतात. त्यातून मिळणाऱ्या सिल्व्हर नायट्रेटपासून चांदीचे प्रकाशाला संवेदनशील क्षार बनवून ते जिलेटीनमध्ये मिसळतात आणि फिल्मवर त्याचा पातळ थर देतात. जिथे प्रकाश पडतो, तिथल्या क्षारांची डेव्हलपरमध्ये काळी चांदी होते. जिथे पडत नाही, तिथले क्षार हायपोत विरघळून जातात. हायपोचा हा गुण इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी 1819 मध्ये नोंदवला आणि 1839 पासून तो फोटोग्राफीत वापरात आला. कृष्णधवल फोटोत निदान काही चांदी चित्रात तरी राहते. रंगीत फोटोत शेवटी फक्त रंग उरतात. चांदी जवळजवळ सगळीच द्रावणात उतरते.

ही गोष्ट फिल्म कंपन्यांना पक्की ठाऊक होती. अमेरिकेतील रॉचेस्टर शहरातली कोडॅक कंपनी चांदीच्या जगातल्या मोठ्या ग्राहकांपैकी एक होती. आपल्या कारखान्याच्या टाकाऊ मालातून ती चांदी परत काढत असे. लॅबसाठीही उपाय निघाले. वापरलेल्या हायपोतून वीजप्रवाह सोडला की चांदी पत्र्यावर जमते. दुसरा उपाय आणखी सोपा. हायपो लोखंडी तारेच्या चोथ्यातून सोडायचा. लोखंड विरघळते आणि चांदी खाली बसते. आठवीचा विद्यार्थीही हा प्रयोग समजू शकेल.

मग जबाबदारी पार पडली म्हणायची का? फिल्मचा पाया बनवताना मिथिलीन क्लोराइड नावाचा द्रावक लागत असे. चांदीसारखा त्याला भाव नव्हता. तो कोडॅकच्या कारखान्याभोवतीच्या जमिनीत आणि भूजलात उतरल्याचे 1980 च्या दशकात उघडकीस आले. 1990 मध्ये कंपनीने घातक कचऱ्याच्या प्रकरणात गुन्हा कबूल करून वीस लाख डॉलरहून अधिक दंड भरला. जिथे पैसा परत येत होता तिथे कंपनी जागरूक होती. जिथे येत नव्हता तिथे कायद्याला यावे लागले.

लोकांच्या बोलण्याचाही परिणाम होतो. 1987 मध्ये कोडॅकने एकदाच वापरायचा कॅमेरा काढला आणि नाव ठेवले 'फ्लिंग', म्हणजे फेकून द्या! कचरा वाढवणारा कॅमेरा म्हणून टीका झाली. पुढे नाव बदलले आणि वापरलेले कॅमेरे लॅबकडून परत घेऊन त्यांचे भाग पुन्हा वापरण्याची व्यवस्था उभी राहिली. जपानच्या फुजी कंपनीनेही असेच केले.

रसायनांपासून सुटका करणारा शोध मात्र कोडॅकच्याच घरात लागला होता. 1975 मध्ये तिथल्या स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्याने पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. एक चित्र कॅसेटवर साठवायला 23 सेकंद लागत. ना फिल्म, ना हायपो. पण कंपनीची सारी कमाई फिल्मवर होती. तिने उशीर केला आणि जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करण्याची वेळ आली. आपल्याकडे उटीला 1960 मध्ये स्थापन झालेली सरकारी हिंदुस्तान फोटो फिल्म्स कंपनीही डिजिटलच्या लाटेत टिकली नाही. तिचे 'इंदू' नाव जुन्या स्टुडिओवाल्यांच्या तोंडी अजून आहे.

आता आपल्या मुलखाकडे येऊ. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी आणि साताऱ्यातील माण, खटाव हा भाग दुष्काळी. शेतीने पोट भरेना म्हणून इथली माणसे पिढ्यानपिढ्या सोन्या-चांदीच्या गलाईसाठी परमुलखात गेली. केरळपासून पंजाबपर्यंत सराफ बाजारात इथला गलाईवाला भेटतो. जुन्या दागिन्यांतला धातू तेजाबात विरघळवून तो शुद्ध करून देतो. हे तेजाब म्हणजेच नायट्रिक आम्ल. रॉचेस्टरच्या कारखान्यात चांदीचा प्रवास ज्या आम्लात सुरू व्हायचा, त्याच आम्लात आमचा विट्याचा माणूस ती परत मिळवतो. जुन्या एक्स-रेंची चांदीही शेवटी अशाच भट्टीवर येते.

मी काही वर्षे विट्याजवळ शिकवत होते. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील परराज्यात गलाईच्या दुकानात होते. सुट्टीवर आले की बोलताना दम लागायचा. चांदी तेजाबात पडली की तपकिरी धूर उठतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड असतो आणि फुफ्फुसाला इजा करतो. "बाई, चांदीचा गुंज न् गुंज मोजतो आम्ही. धूर कोण मोजतंय?" ते हसत म्हणाले होते. मला हसू आले नाही. रॉचेस्टरला जे घडले, तेच या लहान दुकानातही घडत होते. धातू तेवढा जपला जातो. छाती आणि गटार यांचा हिशेब कुठल्याच वहीत नसतो. धूर ओढून नेणारे धुराडे आणि उरलेले आम्ल निवळून सोडायची सोय, हाही त्या धंद्याच्या खर्चाचाच भाग धरला पाहिजे.

कायदा आता बराच पुढे आला आहे. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत एक्स-रे धुण्याच्या द्रावणाचा रासायनिक द्रव कचऱ्यात समावेश आहे. ते प्रक्रिया केल्याशिवाय सांडपाण्यात सोडता येत नाही. बऱ्याच ठिकाणी एक्स-रे डिजिटल झाले, हायपोची गरजच संपली. पण खिशातल्या ज्या मोबाइलने फोटो काढतो, त्यातही सोने, चांदी, तांबे असते. तो उघड्यावर जाळून किंवा तेजाबात टाकून धातू काढला तर पुन्हा तोच धूर. म्हणून बंद पडलेला मोबाइल ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्यावा. जुने एक्स-रे घरी जाळू नयेत, कचऱ्यात टाकू नयेत. डॉक्टरांना विचारून गरजेचे ठेवावेत आणि बाकीचे देताना घेणाऱ्याला एवढे तरी विचारावे, "बाबा, हे तू जाळतोस की धुतोस?"

आम्ही भंगारवाल्याला हेच विचारले. तो गप्प राहिला. पिशवी परत कपाटात गेली.

संध्याकाळी मामूंना सगळे सांगितले. आता ऐंशीच्या घरात आहेत. मी म्हटले, "मामू, केवढी चांदी गेली असेल!" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग विचारले, "वो मोरी का पानी जाता कहाँ था?" मी सांगितले, गटारातून ओढ्याला, ओढ्यातून वेण्णेला, संगम माहुलीला कृष्णेत आणि कऱ्हाडवरून सांगलीला. मी सांगलीत राहते, कृष्णेचेच पाणी पिते.

"चांदी गयी सो गयी बेटा," मामू म्हणाले, "पानी तो तेरे घर आया."