मल्लखांब : तोल देहाचा, ताबा मनाचा

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबविद्येचे पुनरुज्जीवन केले. अली व गुलाब या नामांकित मल्लांचे आव्हान स्वीकारल्यावर त्यांनी काही अवधी मागून घेतला. नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंग गडावर केलेल्या उपासनेत त्यांना ही विद्या लाभली, अशी परंपरागत कथा आहे. तिच्यातील दैवी भाग श्रद्धेचा मानला, तरी एक गोष्ट लक्षणीय ठरते. बलाढ्य प्रतिस्पर्धी समोर असताना बाळंभटदादांनी प्रथम स्वतःच्या देहाकडे लक्ष वळविले.

मल्लखांबावर नुसते बळ कामी येत नाही. एरंडेल लावलेल्या लाकडी खांबावर पकड कोठे सैल झाली, भार कोणत्या मांडीवर आला, श्वास कोठे अडला, याचे भान खेळाडूला क्षणोक्षणी ठेवावे लागते. स्नायू व सांध्यांतील संवेदनाग्राहक अवयवांची स्थिती मेंदूला सतत कळवीत असतात, तर अंतःकर्णातील अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याच्या हालचालीची वार्ता देतात. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी स्नायू-सांध्यांच्या या संवेदनेला १९०६ साली ‘प्रोप्रिओसेप्शन’ हे नाव दिले. सरावाने ती अधिक सूक्ष्म होते.

व्यक्तिमत्त्व विकासाशी याचा संबंध काय? राग किंवा भीती मनाला पुरती उमगण्याआधीच पुष्कळदा देह बोलू लागतो. छातीत धडधडते, जबडा आवळला जातो, खांदे वर चढतात, श्वास उथळ होतो. हे संकेत वेळीच ओळखणाऱ्यास कठोर शब्द उच्चारण्यापूर्वी थांबण्याची संधी मिळते. स्वतःचे नेतृत्व म्हणतात ते याच क्षणी सुरू होते. अर्थात, खांबावर मिळविलेला ताबा घरात वा कार्यालयात आपोआप उतरत नाही. ती सवय तेथेही जाणीवपूर्वक लावावी लागते.

त्यासाठी प्रत्येकाने खांबावर चढण्याची आवश्यकता नाही. मुलाखत, भाषण किंवा अवघड बोलणे यांपूर्वी दोन मिनिटे स्वस्थ उभे राहावे. दोन्ही तळव्यांवर समान भार द्यावा, जबडा व खांदे सैल सोडावेत आणि उच्छ्वास श्वासापेक्षा थोडा लांबवावा. रोज भिंतीजवळ काही क्षण एका पायावर उभे राहून शरीराचा डोलही न्याहाळावा. चक्कर येणाऱ्यांनी किंवा गुडघेदुखी असणाऱ्यांनी मात्र आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

तोल म्हणजे निश्चल राहणे नव्हे. खांबावरचा कुशल खेळाडूही सतत किंचित हलत, सावरत असतो. तोल ढळू लागल्याचे त्याला लवकर कळते, एवढेच. आणि सावरण्यास तेवढे पुरते.