मान 'कट्' करण्याआधी

रीलमध्ये तो मान धरतो, झटका देतो, 'कट्' आवाज येतो आणि समोरचा खुदकन हसतो. लॅपटॉप आणि जड सॅकनं आखडलेली तुमची मानही मग विचारते, नागपुरात कुठं भेटते बावा असा माणूस? शोधा जरूर, पण आधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, नोंदणी. कायरोप्रॅक्टरसाठी आपल्याकडे स्वतंत्र कौन्सिल नाही. त्यामुळे पाटी कोण लावतंय, हे तुम्हालाच पाहावं लागतं. फिजिओथेरपिस्टची मात्र राज्य कौन्सिलकडे नोंदणी होते. तो नंबर बिनधास्त विचारा. मानेला दिलेल्या झटक्यानं क्वचित रक्तवाहिनी फाटून पक्षाघातही होऊ शकतो. हातपाय बधिर होत असतील, ताकद कमी वाटत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर मालिश-झटके सोडा आणि लगेच दवाखाना गाठा. साध्या दुखण्यासाठीही 'मेडिकल'मध्ये ऑर्थो ओपीडी आणि फिजिओथेरपी आहे, तीही अल्प शुल्कात.

दुसरी, इन्शुरन्स. बाबांच्या फॅमिली फ्लोटरमध्ये तुमचं नाव असलं, तरी साधी पॉलिसी सहसा 24 तास भरती राहिल्यावरच कामी येते. ओपीडीचं कव्हर बहुधा वेगळं घ्यावं लागतं. म्हणून कंपनीला तीन प्रश्न विचारा: ओपीडी कव्हर आहे का? फिजिओथेरपीची किती सेशन्स चालतात? डॉक्टरची चिठ्ठी लागते का? उत्तर ईमेलवरच घ्या. काउंटरवरचं 'होऊन जाईल' क्लेमच्या वेळी कामाचं नसतं!