पहिली पुडी पोराच्या हातात कोण देतं?

कापूस वेचणी, मिरची तोडणी, ऊसतोड सुरू झाली की मजुरांबरोबर त्यांची लहान पोरंही शेतावर दिसतात. दुपारी जेवणं झाली की मोठी माणसं तंबाखू मळतात. "जा रे, टपरीवरून दोन पुड्या घेऊन ये," असं एखाद्या पोराला सांगितलं जातं. येता येता एक चिमूट त्याच्याही तोंडात जाते. तंबाखूनं भूक मरते, म्हणून उपाशी पोराला ती बरीच वाटते. मग एकाचं पाहून चौघं शिकतात. वाईट संगतीला दोष देण्याआधी व्यसनाची सुरुवात आपल्याच बांधावर होते, हे ध्यानात घ्यावं.

गुटख्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी चोरून मिळतेच. सुपारी आणि तंबाखूनं गालाची आतली कातडी ताठ होते, तोंड उघडेनासं होतं. पुढे कॅन्सरचा धोका राहतो. नुसती सुपारीही निर्धोक नाही. पोराला त्याची स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगा. जात नसतील तर ताबडतोब ग्रामीण रुग्णालयात दाखवा.

मोहाच्या दारूला आपल्याकडे देवधर्मात, लग्नकार्यात मान आहे. तो मान ठेवावा, पण पेला पोराच्या ओठाला लावू नये.

कायदा काय सांगतो?

२००३ च्या कायद्यानं १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकता येत नाही. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तर कोणालाच विकता येत नाही. बाल न्याय कायदा, २०१५ प्रमाणे मुलाला दारू किंवा तंबाखू दिल्यास ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर हे तालुके पूर्ण, तर शहादा व नंदुरबारचा काही भाग पेसा क्षेत्रात येतो. १९९६ च्या पेसा कायद्यानं मादक पदार्थांची विक्री आणि सेवन रोखण्याचा अधिकार ग्रामसभा व पंचायतीला दिलेला आहे.

हे काम आपल्या मातीला नवं नाही. १९३० च्या दशकात गुलाम महाराजांनी तळोदा भागात हजारो आदिवासींना दारू सोडायला लावली. १९७२-७३ च्या सुमारास शहादा भागात श्रमिक संघटनेच्या चळवळीतल्या बायांनी गावोगाव दारूची मडकी फोडली.

आपण काय करावं?

शेतमालकांनी मजुरांना पुडी देण्याऐवजी चहा, गूळ-शेंगदाणे द्यावेत. पोराला पुडी आणायला कोणीही पाठवू नये. मुकादमालाही तसं बजावून सांगावं. सरपंच व पोलीस पाटील यांनी येत्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि शाळेजवळच्या टपऱ्या मोजून ठराव करावा. सवय लागलेल्या पोराला मारझोड करू नये. तंबाखू सोडताना सुरुवातीचे दिवस चिडचिड होते, झोप लागत नाही. तेव्हा त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावं. अडचणीतल्या मुलासाठी १०९८ हा फोन फुकट आहे.

तण कोवळं असतानाच उपटावं लागतं, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.