जुन्या मोटारीस ॲल्युमिनियमचें हेड
सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. १९४७ च्या सुमारास तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत डॉज व प्लिमथ मोटारी जोडल्या जाऊं लागल्या. त्यांच्या सहा सिलिंडरी एंजिनांत झडपा बाजूला, ठोकळ्यांतच असत. त्यामुळें वरचें हेड म्हणजे बिडाचें एक जाड झाकणच. हौशी मालक तें काढून ॲल्युमिनियमचें बसवितात.

यांत लाभ कोणता? ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारें तिप्पट उष्णता वाहून नेतें, आणि तितक्याच आकारांत त्याचें वजन निम्म्याहूनहि कमी भरतें. पारा ४० अंशांपुढें नेणाऱ्या सोलापूरच्या उन्हाळ्यांत हा गुण मोलाचा. मात्र ती उष्णता अखेर रेडिएटरनेंच बाहेर टाकावयाची असते. तो गाळानें भरला असेल तर नवें हेड निरुपयोगी.

दुसरी गोष्ट अशी कीं, तापल्यावर हा धातु बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. घाईनें बसविलेलें हेड वांकतें, पाणी सिलिंडरांत उतरतें आणि एंजिनच गमवावें लागतें. म्हणून ठोकळ्याचा माथा सरळ पट्टीनें तपासावा. गॅस्केट नवें घालावें. नट मध्यापासून कडांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानें आवळावेत. एंजिन एकदां तापवून पूर्ण निवल्यावर ते पुन्हां तपासावेत. प्लगहि गार हेडांतच फिरवावेत, कारण तेथील आटे मऊ असतात. रेडिएटरांत गंजरोधक द्रव मिसळावा. नाहींतर दोन धातूंच्या संगतींत ॲल्युमिनियम खाल्लें जातें.

काढलेलें बिडाचें हेड मोडींत देऊं नये. तेल लावून जपलेलें तें हेडच मोटारीचें मूळ रूप परत देऊं शकतें.