मणका जोडायचा, तर कोणत्या हाडानं?

सीतादहीची पूजा झाली की वऱ्हाडात कापसाची वेचणी सुरू होते. कमरेला ओटी बांधलेली बाई दिवसभर तासातासानं वाकून पुढे सरकते. ओटी भरली की रिकामी करायची, पुन्हा वाकायचं. मजुरी किलोवर, त्यामुळे कंबर सरळ करायला थांबलं की तेवढा कापूस कमी. चाळिशी ओलांडता ओलांडता कंबर धरते, मग चमक पायात उतरते. शेवटी अमरावतीच्या इर्विन रुग्णालयात नाहीतर अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात एमआरआयची फिल्म पिशवीत घेऊन ती बाकावर बसते. सोबतचा मुलगा विचारतो, "मणका सरकला म्हणतात, जोडावा लागन म्हणतात, पण जोडतात कशानं?"

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. कंबरदुखीच्या बहुतेक रुग्णांना शस्त्रक्रिया लागतच नाही. मणका खरोखर पुढे घसरला असेल, अस्थिर असेल, क्षयानं किंवा अपघातानं खचला असेल, तरच दोन मणके एकसंध करण्याचा, म्हणजे फ्यूजनचा, विचार होतो. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये हिब्ज आणि अल्बी यांनी पहिली फ्यूजन केली ती मणक्याच्या क्षयासाठीच. आपल्याकडे पाठीमागून शिरून दोन मणक्यांच्या मधोमध हाड बसवण्याचं तंत्र रुजवलं ते मूळ गोव्याच्या, मुंबईच्या शीव रुग्णालयातल्या डॉ. प्रेमानंद रामाणी यांनी. 'ताठ कणा' हे त्यांचं आत्मचरित्र अनेक मराठी घरांत वाचलं गेलं आहे.

स्क्रू आणि रॉड मणक्यांना फक्त काही काळ धरून ठेवतात. दरम्यान मध्ये नवं हाड भरून आलं नाही, तर स्क्रू सैल होतात, कधी तुटतातही. म्हणून रुग्णाच्याच कुल्ह्याच्या हाडाची कड तासून ते तुकडे तिथे भरतात. ही पद्धत जुनी आणि भरवशाची, पण तासलेली जागा काही जणांना पुढे बराच काळ दुखते.

यातून सुटका होईल, अशी आशा १९६५ साली निर्माण झाली. लॉस एंजेलिसच्या मार्शल युरिस्ट यांनी हाडातलं कॅल्शियम आम्लानं काढून उरलेला सांगाडा जनावरांच्या स्नायूत ठेवला. काही आठवड्यांत तिथे, जिथे हाड असायचं कारणच नाही तिथे, नवं हाड तयार झालं. त्या सांगाड्यात पेशींना हाड बनवायला लावणारं काहीतरी होतं. हे द्रव्य प्रथिन असल्याचं उलगडत गेलं. त्या शोधात ए. हरी रेड्डी आणि कुबेर संपत या भारतीय शास्त्रज्ञांचा मोठा वाटा आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. १९८८ मध्ये जॉन वोझ्नी आणि सहकाऱ्यांनी या प्रथिनांची जनुकं शोधली आणि ती कारखान्यात बनवता येऊ लागली. जुलै २००२ मध्ये अमेरिकेनं 'बीएमपी-२' हे प्रथिन कंबरेच्या एका पातळीवरच्या, पोटाकडून करायच्या फ्यूजनसाठी मंजूर केलं. कोलॅजेनच्या स्पंजावर द्रावण टाकायचं, स्पंज टायटॅनियमच्या पिंजऱ्यात ठेवायचा, पिंजरा मणक्यांमध्ये बसवायचा. कुल्हा तासायची गरज नाही.

मंजुरी एका जागेपुरती होती, वापर मात्र सर्रास झाला. मानेच्या मणक्यात वापरल्यावर सूज येऊन श्वास अडकल्याच्या तक्रारी आल्या आणि २००८ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. जून २०११ मध्ये 'द स्पाइन जर्नल'चे संपादक युजीन कॅरागी आणि सहकाऱ्यांनी हे प्रथिन विकणाऱ्या मेडट्रॉनिक कंपनीच्या पैशांवर झालेले १३ अभ्यास तपासले. प्रथिन दिलेल्या ७८० रुग्णांत या प्रथिनामुळे झालेला त्रास शून्य, असं त्यांत छापलं होतं. मूळ नोंदींत मात्र नको तिथे वाढलेलं हाड, नसांची आग, झिजलेले मणके, पुरुषांत वीर्य मागे मूत्राशयात जाणं असे प्रकार होते. २०१२ मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीनं दाखवून दिलं, की मेडट्रॉनिकनं १९९६ ते २०१० या काळात या लेखांच्या लेखक-डॉक्टरांना सुमारे २१ कोटी डॉलर दिले होते आणि लेखांच्या मसुद्यांवर कंपनीच्या माणसांनी हात फिरवला होता. मला याचा संताप येतो, कारण या छापील शून्यावर विसंबून माणसं टेबलावर झोपली होती.

पुढे कंपनीनं आपली माहिती येल विद्यापीठाच्या स्वाधीन केली. इंग्लंड आणि अमेरिकेतल्या दोन स्वतंत्र गटांनी ती तपासली. २०१३ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार हाड जुळतं खरं, पण रुग्णाला मिळणारा आराम स्वतःच्या हाडाच्या तुलनेत फारसा वेगळा नाही. कर्करोगाची थोडी वाढलेली शक्यताही पूर्णपणे नाकारता आली नाही.

आपल्या भागासाठी आणखी एक बाब महत्त्वाची. जिथे जंतुसंसर्ग चालू आहे तिथे हे प्रथिन वापरायचं नाही. म्हणजे क्षयानं खचलेल्या मणक्यात, जिथून या शस्त्रक्रियेची सुरुवात झाली, तिथेच ते चालत नाही. तिथे आधी क्षयाची औषधं, आणि त्यांनी पुष्कळ रुग्ण शस्त्रक्रियेशिवायच बरे होतात. स्वतःचं हाड अपुरं पडलं तर दुसरा मार्गही आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८ पासून ऊतीपेढी आहे. दात्यांचं हाड तिथे गॅमा किरणांनी निर्जंतुक करून ठेवतात. युरिस्टनी वापरलं तसं कॅल्शियम काढलेलं हाडही त्यात असतं.

म्हणून त्या मुलाला माझं सांगणं आहे. फ्यूजन लागणारच आहे का, हे दुसऱ्या डॉक्टरलाही विचार. आईच्या स्वतःच्या हाडावर भागेल का, आणि महागडं प्रथिन सुचवलं तर तिच्या बाबतीत ते नेमकं कशासाठी, हेही विचार. तंबाखू, खर्रा तिला आजपासून सोडायला लाव. निकोटिननं हाड जुळायला अडथळा येतो, आणि ते थांबवायला एक पैसा लागत नाही.