डावीकडे किती हात पसरलेत?

मॅटलॅबमध्ये एखादं मॅट्रिक्स घ्या, त्यावर 'आयग' हे फंक्शन चालवा आणि उत्तर एकाच चलात ठेवा. आयगेन व्हॅल्यूंचा एक उभा स्तंभ मिळेल. आता तेच मॅट्रिक्स आणि तेच फंक्शन ठेवून डावीकडे चौकोनी कंसात दोन चलं लिहा. या वेळी पहिल्या चलात येतात आयगेन व्हेक्टर, आणि आयगेन व्हॅल्यू दुसऱ्या चलात कर्णावर मांडून येतात. एक उत्तर जास्त मागितलं, तर पहिलं उत्तरच बदललं! बरोबरच्या चिन्हापलीकडे आपल्यासाठी किती चलं वाट बघतायत, हे फंक्शनला कळलं कसं?

सी भाषेतल्या फंक्शनला हे कधीच कळत नाही. ते एक मूल्य परत करतं आणि मोकळं होतं. मॅटलॅबमध्ये मात्र ही जाण जुनी आहे. क्लीव्ह मोलर यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यू मेक्सिको विद्यापीठात फोरट्रानमध्ये जे पहिलं मॅटलॅब लिहिलं, त्यातही अनेक उत्तरं मागता येत; फक्त कंस टोकदार असत. पण त्यात स्वतःचं फंक्शन घालायचं तर मूळ प्रोग्रॅममध्येच हात घालून तो पुन्हा कंपाइल करावा लागे. मॅथवर्क्स कंपनी १९८४ मध्ये निघाली, मॅटलॅब सीमध्ये नव्याने लिहिलं गेलं, आणि पुढे मेक्स फाइली आल्या. मेक्स म्हणजे सी किंवा फोरट्रानमध्ये लिहून कंपाइल केलेलं फंक्शन, जे मॅटलॅबला घरचंच वाटतं.

या दोन जगांमधलं दार म्हणजे 'मेक्सफंक्शन'. गंमत अशी की ते काहीच परत करत नाही. त्याचा परताव्याचा प्रकार आहे 'व्हॉइड'. त्याच्या हाती चार गोष्टी येतात: डावीकडच्या उत्तरांची संख्या 'एनएलएचएस', ती उत्तरं ठेवायच्या जागांची यादी 'पीएलएचएस', आणि उजवीकडच्या इनपुटसाठी अशीच आणखी एक जोडी. पंगतीत मांडलेली पानं मोजून वाढायला निघावं, तसा हा प्रकार आहे.

बहुतेक बिघाड या मोजणीतच होतात. दोन चलं मागितली आणि दुसरी जागा रिकामीच राहिली, तर मॅटलॅब स्पष्ट सांगतं की एक आउटपुट भरलेलं नाही. हा बिघाड सज्जन म्हणायचा. उलटा प्रकार वाईट. चल एकच मागितलंय आणि आपण दुसऱ्या जागेवरही उत्तर लिहिलं, तर आपण यादीच्या बाहेरच्या मेमरीत लिहितो. कधी काहीच होत नाही, आणि कधी अख्खं मॅटलॅब कोसळतं, कारण साधी मेक्स फाइल त्याच्याच प्रोसेसमध्ये चालते. 'माझ्या मशीनवर चालतंय' या वाक्यावर इथे अजिबात विश्वास ठेवू नये.

सगळ्यात मजेदार आहे तो शून्याचा अपवाद. डावीकडे काहीही न लिहिता फंक्शन नुसतंच हाकारलं, तर एनएलएचएस शून्य असतो. तरीही पहिली जागा शिल्लक असते! तिथे ठेवलेलं उत्तर 'एएनएस' या चलात जातं. म्हणून 'संख्या शून्य आहे, मग काहीच देऊ नका' अशी अट घालणाऱ्याचं फंक्शन कमांड विंडोत मुकं राहतं आणि तो तासभर डोकं खाजवत बसतो. नागमोडी चिन्हाचीही अशीच गंमत आहे. पहिलं उत्तर नको म्हणून त्याच्या जागी ते चिन्ह लिहिलं, तरी एनएलएचएस दोनच येतो. मेक्स फाइलला ते चिन्ह दिसत नाही. तिला दोन्ही उत्तरं काढावीच लागतात.

आणखी एक छुपा बिघाड उशिरा फुटतो. सीच्या फंक्शनमधल्या स्थानिक अॅरेचा पत्ताच आउटपुटच्या गळ्यात बांधला, तर आकडे कधी बरोबर दिसतात, कधी कचरा. पुढे ते चल पुसलं जाताना मॅटलॅब ती मेमरी मोकळी करायला जातं आणि कोसळतं. तोवर मूळ चूक कितीतरी ओळी मागे राहिलेली असते. आउटपुटची मेमरी मॅटलॅबच्याच फंक्शनांनी मागून घ्यावी. आणि आकडे खरे पण आडव्याचे उभे झालेले दिसले, तर दोष परताव्याचा नाही: मॅटलॅब मॅट्रिक्स स्तंभाला स्तंभ जोडून साठवतं, सी ओळीला ओळ. मॅटलॅबची ही सवय फोरट्रानकडून आलेली आहे.

तेव्हा दोन उत्तरं देणारी मेक्स फाइल लिहिलीत, तर दुसऱ्या जागेला हात लावण्याआधी 'एनएलएचएस एकपेक्षा मोठा आहे का' ही अट घाला. मग ते फंक्शन चार तऱ्हांनी हाकारून बघा: डावीकडे काहीच न लिहिता, एका चलाने, दोन चलांनी आणि मुद्दाम तीन चलांनी. तिसऱ्या चलाला तुमच्या फंक्शनने स्वतःच स्वच्छ शब्दांत नकार द्यायला हवा.