गिझर मालकाचा, जीव भाडेकरूचा

हिवाळा आला की शहरांतून एक बातमी ठरल्यासारखी येते. स्नानगृहाचे दार आतून बंद, गॅसचा गिझर चालू आणि आत एक तरुण देह निपचित. लोक हळहळतात, अपघाती मृत्यूची नोंद होते आणि प्रकरण मिटते. तो गिझर कोणी बसविला, शेवटचा केव्हा तपासला, हे विचारण्याची वेळ आता आली आहे, असे आम्हांस वाटते.

मारतो तो कार्बन मोनॉक्साइड. कोंडलेल्या जागेत हवा अपुरी पडली म्हणजे गॅस पुरता जळत नाही आणि हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक जोराने चिकटतो; मग डोके जड होते आणि दाराची कडी काढण्याचेही त्राण उरत नाही. सिलिंडर गळला तर मुद्दाम मिसळलेला उग्र वास निदान सावध तरी करतो. हा शत्रू तेवढीही सूचना देत नाही.

आता जबाबदारी पाहा. सिलिंडर भाडेकरूच्या नावावर असेल, शेगडीही त्याची असेल. परंतु गिझर मालकाचा, आणि झरोका मोकळा ठेवावयाचा की बुजवावयाचा हेही मालकाच्याच हाती. अकरा महिन्यांसाठी आलेला विद्यार्थी भिंतीला भोक पाडू शकत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ ने जागा राहण्याजोगी ठेवण्याचे बंधन मालकावर घातले आहे खरे. पण उलट करार नसेल तरच! आणि कित्येक करारांत दुरुस्तीचा भार भाडेकरूच्या गळ्यात आधीच बांधलेला असतो.

ब्रिटनमध्ये ही पळवाट नाही. तेथील १९९८ च्या नियमांप्रमाणे मालकाला आपल्या गॅस उपकरणांची दर १२ महिन्यांत नोंदणीकृत तंत्रज्ञाकडून तपासणी करवून घ्यावी लागते. दाखल्याची प्रत भाडेकरूस २८ दिवसांत, आणि नव्या भाडेकरूस तो राहावयास येण्यापूर्वीच द्यावी लागते.

घरभाड्यावर गुजराण करणारे वृद्ध मालक म्हणतील, हा आणखी एक खर्च कशाला? त्यांची अडचण आम्ही जाणतो. परंतु ज्या वस्तूमुळे भाडे वाढवून मिळते, ती निर्धोक ठेवण्याचा खर्च त्याच भाड्यातून निघावयास हवा, यात अन्याय कोणता?

उपाय हाताशी आहे. याच अधिनियमाच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे. अकरा महिन्यांनी करार नवा होतोच. त्या नोंदणीसच गॅस तपासणीचा दाखला जोडण्याची सक्ती शासनाने करावी. निराळे खाते नको, निराळी खिडकीही नको. तोवर गृहनिर्माण संस्थांनी स्नानगृहातील गिझर बाहेर काढवावेत, त्यांचा धूर उघड्यावर सोडणारी नळी आहे की नाही हे पाहावे. आणि भाडेकरूंनी अनामत रक्कम मोजण्यापूर्वी झरोका कोठे आहे हे निःसंकोच विचारावे. भाडे घेणाऱ्याने छप्पर द्यावयाचे असते. त्या छपराखाली श्वासही घेता आला पाहिजे.